परक्या गांवीं आपलें घर

धर्मग्रामाचा महोत्सव म्हणजे केवळ दिव्यांची आरास, मिरवणूक आणि प्रीतिभोजन नव्हे. आपण येथें कोठून आलों, कोणाच्या ओसरीवर पहिली रात्र काढिली, आणि ज्या भाषेंत आज आपण परमेश्वरास हांक मारितों ती आपल्या घरांत केव्हां व कशी शिरली, याचा हिशेबही अशा प्रसंगीं करावयाचा असतो. रविवारच्या उपासनेनंतर आमच्या देवमंदिराच्या आवारांत घटकाभर उभें राहिलें, म्हणजे मराठीच्या जोडीनें तेलुगू, कन्नड, कोंकणी व तमिळ या भाषांतील शब्द कानीं पडतात. ते बहुधा वृद्धांच्या तोंडचे असतात. मुलें मात्र आपसांत मराठींतच भांडतात आणि मराठींतच समेट करितात.

या वेळीं आम्हांस आमच्यांतील एका वृद्ध मातेची आठवण होते. नातवंडांबरोबर प्रार्थना म्हणतां यावी म्हणून त्या बाईंनीं साठी उलटल्यावर प्रभूची प्रार्थना मराठींत पाठ केली होती. शेवटच्या आजारांत मात्र उशिरां आलेली ती मराठी हळूहळू ओठांवरून निघून गेली आणि लहानपणची तेलुगूच काय ती राहिली. खाटेभोंवतीं उभ्या असलेल्या नातवंडांस आजीचे शब्द ऐकूं येत होते, पण समजत नव्हते. कोणी म्हणाला, पाणी मागत असेल. कोणी पेला पुढें केला. अखेर शेजारच्या गल्लींतून एका म्हाताऱ्या विणकर गृहस्थांस बोलावून आणिलें. ते धर्मानें हिंदु, त्यांनीं कान देऊन ऐकिलें आणि सांगितलें, "बाळांनो, ती पाणी मागत नाहीं, ती तुम्हां सर्वांस नांवानिशीं आशीर्वाद देत आहे."

आजीचा आशीर्वाद समजावयास शेजाऱ्यास बोलवावें लागलें, यांत चूक कोणाची? त्या घराण्यानें मराठी आपलीशी केली हें वाईट झालें काय? कीं तेलुगू टाकून दिली हें वाईट झालें? हा प्रश्न एका घराचा नाहीं. तो आमच्या साऱ्या धर्मग्रामाचा, किंबहुना साऱ्या सोलापूर शहराचा आहे. म्हणून त्याचें उत्तर शोधण्यास आम्ही वाचकांस आधीं याच शहराच्या इतिहासाकडे नेतों.

सोलापूर हें एकभाषी शहर कधींच नव्हतें. शहराचे आराध्यपुरुष सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकांतील शिवशरण. त्यांचीं वचनें कन्नड भाषेंत आहेत. त्यांच्या नांवानें मकरसंक्रांतीस जी गड्ड्याची यात्रा भरते, तींत निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक नंदीध्वजांमागून एकत्र चालतात. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास आली. १८७१ सालीं तीच वाट रायचुरास मद्रासकडून येणाऱ्या वाटेला मिळाली, आणि सोलापूर हें मुंबई व मद्रास यांच्या दरम्यानचें एक मोठें ठाणें झालें. १८७७ सालीं येथें कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झाली. ती आज चालू नाहीं. पण "जुनी मिल" हें तिचें नांव लोकांच्या तोंडीं अद्याप आहे. जेथें आगगाडी आहे आणि जेथें गिरणीचा भोंगा आहे, तेथें दूरदूरचे लोक पोटासाठीं येणारच.

असे जे आले त्यांत सर्वांत मोठा समुदाय तेलंगणांतील पद्मशाली विणकरांचा. विलायती गिरण्यांच्या स्वस्त कापडानें खेड्यांतील हातमागाचा धंदा बसत चालला होता. त्यांतच १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला. निजामाच्या मुलुखांतील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर अशा भागांतून विणकरांचीं कुटुंबें निघालीं, आणि पुढें पिढ्यान् पिढ्या येत राहिलीं. सोलापूर कांहीं दुष्काळांतून सुटलें नव्हतें. परंतु येथें सूत मिळे, बाजार होता, आणि हाताला काम लागण्याची आशा होती. हे लोक शहराच्या पूर्व भागांत वसले. तेथील भद्रावती पेठ हें नांवच पद्मशाली लोकांच्या कुलकथेंतील भद्रावती देवीची आठवण देतें. परमुलुखांत आलेल्या माणसानें आपल्या जुन्या घरची एक खूण नव्या गांवाच्या वाटांवर ठेविली, ती अशी.

आतां या लोकांच्या घरांत मराठी कशी शिरली तें पाहण्यासारखें आहे. परकी भाषा घरांत एकदम शिरत नाहीं. ती आधीं मागाशीं येऊन बसते. सुदैवानें तेथें तिला ओळखीचे शब्द सांपडले. तेलुगूंत ज्याला मग्गम म्हणतात, त्याला कन्नडांत मग्ग म्हणतात आणि मराठींत माग. तिकडचा साले तो इकडचा साळी. जणूं या तिन्ही भाषांनीं एकाच खड्ड्यांत पाय सोडून फार पूर्वींपासून विणकाम केलें होतें. पुढें धोटा, फणी, कांडी हे शब्द हातांबरोबर तोंडांतही बसले. कापड विकावयास निघालें म्हणजे भाव करावा लागे, म्हणून मराठी बाजारापर्यंत आली. सावकाराचा कागद, कचेरीची नोटीस आणि मुलाच्या शाळेचा दाखला यांच्या निमित्तानें ती ओसरीवर चढली. सून किंवा मुलगी मराठी शेजारणीशीं बोलूं लागली तेव्हां ती स्वयंपाकघरांत गेली. देवघरांत मात्र ती सर्वांत शेवटीं पोंचली. कित्येक घरांत अजूनही पोंचलेली नाहीं. आपल्या मार्कंडेय ऋषींचा रथ नारळी पौर्णिमेस हे लोक आजही वाजतगाजत शहरांतून काढितात, आणि त्या दिवशीं पूर्व भागांतील गल्ल्यांत तेलुगूचा आवाज चढा असतो.

स्त्रियांची गोष्ट याहून कठीण. पुरुष मागावर बसे, आणि घरची स्त्री कांडी भरीत असे किंवा विड्या वळीत असे. कारखान्यांतून तेंदूचीं पानें व तंबाखू आणावयाची, घरीं बसून विड्या वळावयाच्या आणि मोजून परत द्यावयाच्या, हा सोलापुरांतील हजारों तेलुगू स्त्रियांचा रोजचा क्रम झाला. जिला हिशेबाची भाषा येत नाहीं, तिची मजुरी दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहते. म्हणून आंकडे, दर, कपात आणि हजेरी हे शब्द तिला शिकावेच लागले. भाषा शिकणें ही तिच्या दृष्टीनें हौस नव्हती. तें भाकरीचें कुलूप उघडण्याची किल्ली होतें. पुढें याच स्त्रियांनीं संघटना केल्या, मोर्चे काढिले, आणि शहराजवळ कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ सालीं तिचें लोकार्पण झालें. त्या वसाहतीला नांव आहे गोदूताई परुळेकर यांचें, म्हणजे आदिवासी शेतकऱ्यांसाठीं झिजलेल्या एका मराठी बाईचें. तेलुगू हातांनीं मिळविलेल्या घरांवर मराठी नांव आपखुशीनें चढतें, तेव्हां परकेपणाची भिंत पुष्कळशी खालीं आली असें समजावें.

परंतु शिकणें एकाच बाजूनें झालें असें कोणीं मानूं नये. आलेल्यांनीं सोलापुरास जें दिलें तें आज सोलापूरचीच ओळख होऊन बसलें आहे. सोलापुरी चादर महाराष्ट्रांत कोणाच्या घरीं नाहीं? आमच्या मुलींच्या पाठवणींत ती असते, पाहुण्यांच्या अंथरुणावर ती असते, आणि आगगाडींतल्या गरीब प्रवाशाच्या खांद्यावरही तीच असते. ती विणणाऱ्या हातांपैकीं बहुतेक तेलुगू घरांतले. आणि भाषेचें म्हणाल, तर आपण वडील भावास अण्णा व बहिणीस अक्का म्हणतों, तेव्हां दक्षिणेकडील भाषांचें देणेंच तोंडीं घोळवितों. तें इतकें जुनें झालें आहे कीं तें देणें आहे हेंही आपण विसरलों. दुष्काळांत गांव सोडून आलेल्यांच्या समाजांतून गंगाधर कुचन व धर्मण्णा सादूल हे सोलापूरचे प्रतिनिधि म्हणून लोकसभेंत गेले. लक्ष्मीनारायण बोल्ली यांची मातृभाषा तेलुगू. त्यांनीं मराठींत काव्य केलें, दोन्ही भाषांतून एकमेकींत अनुवाद केले, आणि आपल्या मराठी आत्मचरित्रास "एका साळियाने" असें नांव दिलें. मराठी शिकल्यानें त्यांची तेलुगू उणी झाली नाहीं. उलट दोन्ही भाषांस एकमेकींच्या घरीं जाण्याची वाट त्यांच्यामुळें मोकळी झाली.

१९३० सालच्या चळवळींत सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्याच्या तुरुंगांत फांसावर गेले. नुसतीं नांवें ऐकिलीं तरी चार निराळ्या परंपरा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. या शहरासाठीं मरण पत्करण्यास एका भाषेंत जन्म घ्यावा लागत नाहीं, हा धडा सोलापुरानें तेव्हांच घालून दिला.

हें सर्व सुखासुखी झालें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. शिक्षकाचा एकही शब्द न कळल्यामुळें वर्गांत मुकीं बसलेलीं मुलें, उच्चारावरून झालेली टिंगल, वाकडें लिहिलें गेलेलें आडनांव, यांच्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांनीं आम्हांस सांगितल्या आहेत. १९६० सालीं मराठी भाषेचें राज्य झालें. तें योग्यच झालें. परंतु ज्यांची भाषा दुसरी, त्यांच्या मुलांस पहिलीं अक्षरें मातृभाषेंतून मिळण्याची सोय असावी, असें राज्यघटनेनें १९५६ सालच्या दुरुस्तीनें सांगून ठेविलें होतें. सोलापुरांत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू माध्यमांच्याही शाळा चालल्या, ही या शहरास भूषणावह गोष्ट आहे. मुलाची पहिली पाटी त्याच्या आईच्या भाषेंत आणि दुसरी गांवाच्या भाषेंत, असा क्रम राहिला, म्हणजे मूल एकीस लाजत नाहीं व दुसरीस भीत नाहीं.

आतां आपण आपल्या ख्रिस्तमंडळीच्या इतिहासाकडे वळूं. कारण या बाबतींत आपणांस उत्तम उदाहरण आणि मोठी चूक, दोन्ही वारशांत मिळालीं आहेत. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. ते येथील लोकांस आपली भाषा शिकवीत बसले नाहींत. स्वतः लोकांची भाषा शिकले. त्यांनीं संतांच्या ओवीचा छंद घेतला आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें "क्रिस्तपुराण" मराठींत रचिलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. कोंकणीचें व्याकरणही त्यांनीं लिहिलें; तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. चाळीस वर्षें ते या भूमींत राहिले आणि १६१९ सालीं येथेंच देवाघरीं गेले. परकी भाषा इतकी आपलीशी करणारा पाहुणा पाहुणा राहत नाहीं. तो घरचाच होतो.

चुकीचें उदाहरण त्यानंतर पाऊणशें वर्षांच्या आंतलें. १६८४ सालीं गोव्यांतील पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढिला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं कोंकणी टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी. आमच्याच धर्मबंधूंपैकीं कांहींनीं या हुकुमास उत्तेजन दिलें होतें, हें आम्हीं लपवूं नये. फळ काय झालें? तीन वर्षें गेलीं, तीनशें वर्षें गेलीं. कोंकणी चुलीपाशीं व पाळण्यापाशीं जिवंत राहिली. १९८७ सालीं तीच गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ सालीं भारताच्या घटनेंतील भाषांच्या सूचींत तिला स्थान मिळालें. प्रेमानें शिकलेली भाषा माणसास जोडिते. हुकुमानें लादलेली भाषा त्याच्या मनांत गांठ मारिते. स्टीफन्स यांच्या ओव्या आजही वाचल्या जातात. त्या हुकुमाची आठवण मात्र केवळ इशारा म्हणून उरली आहे.

आमचें सोलापूर ज्या पुणें धर्मप्रांतांत मोडतें, त्याची स्थापना १८८६ सालीं झाली. त्याच्या आरंभींच्या काळांत येथें राबलेले पुष्कळ धर्मगुरू जर्मन येशूसंघीय होते. पहिल्या महायुद्धांत शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांस आपलें काम सोडून जावें लागलें. पुण्याचे बिशप हाइनरिख ड्योरिंग हे तर युद्ध सुरू झालें तेव्हां स्वदेशीं होते. त्यांस परतण्याची वाट बंद झाली. पुढें १९२१ सालीं त्यांची नेमणूक जपानांत हिरोशिमा येथें झाली. साठी उलटलेल्या माणसानें पुन्हां एका नव्या देशीं नवें जीवन आरंभिलें, आणि १९२७ सालीं ते पुण्याच्या आसनावर परत आले. आपल्या घरीं आलेला कामगार नवी भाषा अडखळत बोलतो तेव्हां हंसू येण्यापूर्वीं हे धर्मगुरू आठवावेत. तेही एके काळीं आपल्या गांवांत असेच अडखळत बोलले असतील.

देवघरांत भाषा सर्वांत शेवटीं शिरते, असें आम्हीं वर म्हटलें. तें आपणांसही लागू आहे. शतकानुशतकें आपला ख्रिस्तयज्ञ लॅटिन भाषेंत होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींचा दस्तऐवज मान्य करून लोकभाषांस वेदीपर्यंत येऊं दिलें, आणि त्यानंतर मराठी आमच्या वेदीवर आली. त्या वेळीं ज्या वृद्धांस लॅटिन स्तोत्रें सोडतांना दुःख झालें, त्यांस आपण हंसलों नाहीं. मग तेलुगू, तमिळ किंवा कोंकणी प्रार्थना हातून सुटतांना ज्याचा गळा दाटतो, त्यालाही आपण हंसूं नये.

ही झाली सोलापुरास आलेल्यांची कथा. सोलापुराहून बाहेर गेलेल्या एका पुत्राचीही गोष्ट येथें सांगितली पाहिजे, म्हणजे तराजूचें दुसरें पारडें भरेल. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं याच शहरांत झाला. चीनवर जपानचें आक्रमण झालें तेव्हां १९३८ सालीं भारतानें पांच डॉक्टरांचें पथक तिकडे पाठविलें. त्यांत ते होते. मुदत संपल्यावर परत यावयाचें सोडून ते तेथेंच राहिले. चिनी भाषा बोलावयास व लिहावयास शिकले, रणांगणाजवळच्या रुग्णालयांत राबले, आणि गुओ छिंगलान नांवाच्या चिनी परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. मुलाचें नांव ठेविलें यिनहुआ. त्यांतील यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, ते त्या भूमींतच निवर्तले. चिनी लोक त्यांस आपला मानतात. म्हणून सोलापूरचा त्यांच्यावरील हक्क कमी झाला काय? पूर्व भागांत राहणाऱ्या तेलुगू विणकराकडे पाहतांना प्रत्येक सोलापूरकरानें कोटणीसांच्या त्या लहानग्याचें नांव आठवावें. दोन देश एका नांवांत सुखानें नांदूं शकतात, तर दोन भाषा एका घरांत कां नांदूं नयेत?

आतां आरंभीं केलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास हरकत नाहीं. त्या आजीच्या घराण्यानें मराठी आपलीशी केली, हें चांगलें केलें. ज्या गांवचें पाणी प्यावयाचें, ज्या गांवच्या शेजाऱ्यानें रात्रीं-अपरात्रीं दारीं धांवून यावयाचें, त्या गांवची भाषा न शिकणें हा कृतघ्नपणा आहे. वीस-वीस वर्षें येथें राहूनही जे मराठीचें एक वाक्य बोलूं इच्छीत नाहींत, त्यांस आमची हीच प्रेमाची विनंति आहे. परंतु त्या घराण्यानें आपली जुनी भाषा मुलांस दिली नाहीं, ही उणीव झाली; आणि तिचा दोष केवळ आईबापांवर नाहीं. त्या भाषेची टिंगल करणाऱ्या शेजाऱ्यांचा, तिच्याविषयीं कधीं विचारपूस न करणाऱ्या आम्हां सर्वांचा त्यांत वांटा आहे. नवीन घरांत सामान आणतांना जुन्या घरची आई दाराबाहेर ठेवावी लागत नाहीं.

म्हणून या महोत्सवी वर्षांत आम्ही वाचकांपुढें एक लहानशी सूचना ठेवितों. ज्यांच्या घरीं कोणी वृद्ध अद्याप जुन्या भाषेंत प्रार्थना म्हणतात, त्यांनीं एक वही घ्यावी. ती प्रार्थना त्यांच्या तोंडून ऐकून देवनागरींत उतरून घ्यावी, शेजारीं तिचा मराठी अर्थ लिहावा, आणि घरच्या जपमाळेंतील एक दशक तरी त्या भाषेंत म्हणावें. मुलांस प्रथम चमत्कारिक वाटेल. मग पाठ होईल. आणि एक दिवस उपयोगीं पडेल. तसेंच ज्यांची मातृभाषा मराठी आहे, त्यांनीं मंदिरांत नव्यानें आलेल्या कुटुंबाशीं सावकाश बोलावें, चुकलें तर न हंसतां सुधारून द्यावें, आणि त्यांच्या भाषेंतील निदान एक नमस्कार तरी शिकून घ्यावा.

पेंटेकॉस्टच्या दिवशीं पवित्र आत्मा उतरला तेव्हां यरुशलेमांत जमलेल्या नाना देशींच्या लोकांस त्यानें एका भाषेचे केलें नाहीं. प्रत्येकास देवाचीं महत्कृत्यें आपआपल्या भाषेंत ऐकूं आलीं. ख्रिस्तमंडळीचा जन्म असा झाला आहे. तिचा महोत्सवही तसाच व्हावा. आणि आमच्या धर्मग्रामांत यापुढें कोणतीही आजी आशीर्वाद देत असतां तिच्यापुढें कोणी पाण्याचा पेला न धरो, तिच्या नातवंडांस तिचा शब्द समजो, एवढीच आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.